आधी बोला, मग खेळा

काही वर्षांपूर्वी एका जिमखान्यात नाइन-बॉलची स्पर्धा होती. उपांत्य सामना, सात-सात अशी बरोबरी आणि शेवटचा रॅक. पांढरा बॉल आणि तीन नंबरचा बॉल इतके लगटून उभे होते की मधून पोस्टकार्ड तरी जाईल का, असं वाटावं. खेळणारा मुलगा वाकला आणि त्याने सरळ फटका मारला. तीन नंबर पॉकेटमध्ये गेला आणि पांढरा त्याच्या मागोमाग, जवळजवळ त्याच वेगाने, दोन फूट पुढे सरकला. खुर्चीत बसलेले प्रतिस्पर्धी उठून उभे राहिले. "डबल हिट आहे हा. फाउल!" मुलगा म्हणाला, "नाही काका, बॉल चिकटलेले होते. मी बघूनच मारलाय."

आयोजकांत मीही होतो. टेबलाशी पंच नव्हता. मार्कर फळ्यावर गुण लिहीत होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, फटका बघितला मी, पण त्याच्या आधी बॉल नव्हते बघितले." पाऊण तास वाद चालला. शेवटी तो रॅक नव्याने खेळवला. हरलेल्याचं समाधान झालं नाही आणि जिंकलेल्यालाही जिंकल्यासारखं वाटलं नाही.

मार्करचं ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं. पूलमध्ये पांढरा बॉल दुसऱ्या बॉलला खरोखर चिकटलेला असेल आणि तो बॉल मारण्याजोगा असेल, तर त्याच्यावर सरळ फटका मारायला नियमाची हरकत नाही. मध्ये केसभर फट असेल, तर त्याच फटक्यात क्यूचं टोक पांढऱ्याला दोनदा लागतं आणि फाउल होतो. म्हणजे निकाल ठरतो तो फटक्याआधी बॉल कसे होते यावर, आणि बॉल हलले की तो पुरावा टेबलावर उरत नाही.

जागतिक पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांत यावर सरळ उत्तर आहे. पंचाने किंवा प्रतिस्पर्ध्याने फटक्याआधी 'चिकटलेले' असं जाहीर केलं नसेल, तर ते चिकटलेले नाहीत असंच धरायचं. आणि तसं जाहीर करून घेण्याची जबाबदारी खेळणाऱ्याची. हा नियम त्या दिवशी आमच्यापैकी एकाने जरी वाचलेला असता, तरी निर्णय अर्ध्या मिनिटात झाला असता.

पूलचे नियम या नजरेने पुन्हा वाचले तेव्हा सगळीकडे एकच शिस्त दिसली. ब्रेकनंतर 'पुश आउट' घ्यायचा असेल तर आधी सांगा. टेन-बॉलमध्ये कोणता बॉल कोणत्या पॉकेटमध्ये घालणार, ते आधी सांगा. सेफ्टी खेळणार असाल तर तेही आधी सांगा. समोरच्याचे सलग दोन फाउल झाले असतील तर तिसऱ्या फटक्याआधी त्याला बजावा. पुढे संघनिवडीच्या कामात पडलो तेव्हा कळलं की तिथेही हीच शिस्त लागते. निकष आधी बोलून दाखवले नाहीत, तर निकालानंतर सांगितलेलं प्रत्येक कारण सबब वाटतं.

तुम्ही जिमखान्यात, कॉलेजमध्ये, ऑफिसात किंवा पार्लरमध्ये पूलची स्पर्धा भरवत असाल, पंच म्हणून उभे राहत असाल किंवा आंतरक्लब सामन्यांसाठी संघ निवडत असाल, तर व्यावसायिक पूलमधल्या पद्धतींतून घेण्यासारखं बरंच आहे. त्यातलं आपल्याकडे लगेच वापरता येईल ते इथे मांडतो.

स्नूकरची सवय बाजूला ठेवा

आपल्याकडे क्यूच्या खेळांची परंपरा मोठी आहे, पण ती बिलियर्ड्स आणि स्नूकरची. विल्सन जोन्स १९२२ मध्ये पुण्यात जन्मले आणि १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकून भारताचे पहिले वैयक्तिक विश्वविजेते झाले. आपले जुने मार्कर आणि पंच त्याच परंपरेत तयार झालेले. त्यांची नजर तयार असते, मात्र पूलच्या टेबलावर तीच सवय कधीकधी चुकीचा निर्णय द्यायला लावते.

चिकटलेल्या बॉलचंच घ्या. स्नूकरमध्ये पंचाने 'टचिंग बॉल' पुकारला की तो बॉल न हलवता दुसरीकडे खेळायचं असतं. तो हलला तर पुश म्हणजे फाउल. पूलमध्ये त्याच स्थितीत बॉलच्या दिशेने खेळता येतं. उलट, चिकटलेल्या बॉलपासून दूर खेळलात तर तो बॉल 'लागला' असं पूलमध्ये धरत नाहीत, स्नूकरमध्ये मात्र तो मारण्याचा बॉल असेल तर धरतात. स्नूकर शिकलेल्या पंचाला पूलसाठी उभं करण्याआधी अर्धा तास त्याच्यासोबत बसा आणि एवढे फरक टेबलावर बॉल मांडून दाखवा.

पार्लरमधले घरचे नियम हा दुसरा घोळ. कुठे फाउलवर 'दोन शॉट' देतात, कुठे पांढरा फक्त रेषेमागे ठेवू देतात, कुठे ब्रेकवर आठ नंबर गेला की रॅक जिंकला असं धरतात. जागतिक नियमांत एट-बॉल आणि नाइन-बॉलमध्ये फाउलनंतर पांढरा हातात मिळतो आणि टेबलावर कुठेही ठेवता येतो. एट-बॉलच्या ब्रेकवर आठ नंबर गेला तर ब्रेक करणारा तो पुन्हा टेबलावर लावून खेळ चालू ठेवतो किंवा नव्याने ब्रेक करतो. घरचे नियम वाईट नसतात, पण वेगवेगळ्या पार्लरमधून आलेले सोळा खेळाडू सोळा नियम डोक्यात घेऊन आले की भांडण ठरलेलं.

पहिल्या ब्रेकआधीची दहा मिनिटं

व्यावसायिक स्पर्धांत सामने सुरू होण्याआधी खेळाडूंची बैठक होते. आपल्या छोट्या स्पर्धेतही दहा मिनिटं काढा, आणि ठरलेलं एका कागदावर लिहून टेबलाजवळ लावा. कागदावर निदान एवढं हवं:

१. कोणता खेळ, किती रॅकपर्यंत, आणि ब्रेक कोणाचा: जिंकणाऱ्याचा की आळीपाळीने.

२. रॅक कोण लावणार, आणि त्रिकोण वापरणार की टेम्प्लेट.

३. ब्रेक वैध कधी. जागतिक नियमांत एखादा बॉल पॉकेटमध्ये जावा लागतो किंवा किमान चार बॉल कुशनपर्यंत पोचावे लागतात. स्पर्धेनुसार याहून कडक अटीही असतात.

४. सलग तीन फाउलला रॅक जातो हा नियम लागू आहे की नाही.

५. कोणत्याही बॉलला हात, कपडा किंवा क्यू लागला तर फाउल, की फक्त पांढऱ्याला लागला तर.

६. वेळेचं बंधन आहे का, असल्यास किती.

७. नियमाबद्दल तक्रार आली तर अखेरचा शब्द कोणाचा. इथे एकाच माणसाचं नाव लिहा.

सातवा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. वाद पेटला की पाच जण पाच बाजूंनी बोलतात, आणि त्यातला सगळ्यात ज्येष्ठ किंवा सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस निर्णय देऊन मोकळा होतो. ज्याच्याविरुद्ध निर्णय गेला तो पुढच्या वर्षी स्पर्धेला येत नाही.

काय दिसलं आणि नियम काय

पंचाच्या निर्णयात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे घडलेलं काय: कोणता बॉल आधी लागला, पांढरा कुशनला पोचला का, क्यू दोनदा लागला का. दुसरी म्हणजे त्यावर नियम काय. जागतिक नियमांत या दोन्हींसाठी दाद मागण्याचे रस्ते वेगळे आहेत. घडलेल्या गोष्टीबद्दल खेळाडू पंचाला पुन्हा विचार करायची विनंती करू शकतो, पण पंचाने जे पाहिलं तेच अंतिम. नियम चुकीचा लावला असं वाटलं, तर मात्र वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि तो निर्णय होईपर्यंत पंच खेळ थांबवून ठेवतो.

ही फोड खेळाडूंना आधीच समजावून सांगा. 'तुमचा सहा नंबर आधी लागला' यावर वरिष्ठांकडे जाता येत नाही. 'सहा नंबर आधी लागला तरी चालतं, असं पंच म्हणताहेत' यावर जाता येतं. एवढं माहीत असलं की निम्म्या तक्रारी तोंडातून बाहेर पडायच्या आतच विरतात आणि उरलेल्या योग्य माणसाकडे पोचतात.

फाउल लगेच पुकारायचा असतो. पुढचा फटका सुरू होईपर्यंत पुकारला नाही, तर तो झालाच नाही असं धरतात. म्हणून शंका आली की पंचाने पुढच्या खेळाडूला हात दाखवून थांबवावं. 'बघू नंतर' हे वाक्य पंचाच्या तोंडी शोभत नाही.

आणि पंचाने काय बोलू नये, हेही नियमांत लिहिलंय. किती फाउल झाले, रॅकमधले बॉल एकमेकांना टेकलेत का, अमुक फटक्याला कोणता नियम लागेल, हे सांगणं त्याचं काम आहे. हा बॉल लागू शकेल का, हे कॉम्बिनेशन जाईल का, टेबल आज जलद चाललंय की संथ, यावर त्याने मत द्यायचं नसतं. आपल्याकडे पंच बहुधा क्लबमधलाच, दोघांनाही ओळखणारा. खेळाडू सहज विचारतो, "जाईल का हो दादा?" पंच सहज म्हणतो, "बघ की मारून." हे सहजपण समोरच्या पाहुण्या खेळाडूच्या कानावर जातं, आणि त्यानंतर पंचाच्या प्रत्येक निर्णयाकडे तो संशयाने बघतो.

डोळा कुठे ठेवायचा

पंचाचं अर्धं कौशल्य उभं राहण्याच्या जागेत आहे. खेळाडूच्या नजरेच्या रेषेत उभं राहू नका, टेबलावर स्वतःची सावली पडू देऊ नका, आणि फटक्याच्या क्षणी हलू नका. पण शंकेचा फटका येतोय असं दिसलं की आधीच योग्य जागी पोचा, आणि डोळे बॉलच्या उंचीवर येतील इतके वाका.

दोन बॉल जवळजवळ एकाच वेळी लागण्याचा संभव असेल, तर पांढऱ्याची वाट आणि दोन्ही बॉल एका नजरेत येतील अशी बाजू धरा. नीट पाहूनही कोणता आधी लागला ते ठरवता आलं नाही, तर कायदेशीर बॉल आधी लागला असं मानतात. संशयाचा फायदा खेळणाऱ्याला. हे पंचाने मनाशी पक्कं केलेलं असलं की त्याला अंदाजाने फाउल देण्याचा मोह होत नाही.

डबल हिटचा फटका बाजूने बघायचा. पांढरा आणि समोरचा बॉल यांच्यात खडूच्या ठोकळ्याच्या रुंदीपेक्षा कमी अंतर असेल, तर जागतिक नियमावली पंचाला विशेष लक्ष द्यायला सांगते. इथे बॉलचं वागणं समजून घेणं उपयोगी पडतं. दोन्ही बॉल सारख्याच वजनाचे असतात. एक दुसऱ्यावर भरगच्च आदळला की आपला जवळपास सगळा वेग त्याला देऊन टाकतो आणि स्वतः अडखळतो. पांढरा अडखळलाच नाही, समोरच्या बॉलच्या पाठीला लागून तसाच धावत सुटला, तर त्याला दुसरा धक्का क्यूनेच दिलेला असतो. फटका स्वच्छ होता याची पंचाला खात्री नसेल आणि पांढरा समोरच्या बॉलला ओलांडून अर्ध्या बॉलपेक्षा जास्त पुढे गेला, तर फाउल द्यावा, असं मार्गदर्शन आहे. क्लबमधल्या नव्या पंचाला हे वाचून कळत नाही. एका दुपारी दोन बॉल बोटभर अंतरावर ठेवून वीस-पंचवीस फटके त्याच्यासमोर मारा, काही स्वच्छ, काही मुद्दाम डबल. दहाव्या फटक्यापर्यंत त्याचे कानही शिकलेले असतात, कारण डबल हिटचा आवाज वेगळा येतो.

कुशनला टेकलेल्या बॉलकडेही लक्ष हवं. वैध फटक्यात योग्य बॉल आधी लागून पुढे एखादा बॉल पॉकेटमध्ये जावा लागतो, नाहीतर कोणता तरी बॉल कुशनला पोचावा लागतो. आधीच कुशनला टेकलेला बॉल नुसता तिथेच दाबला गेला तर तो 'पोचला' असं धरत नाहीत. तो तिथून सुटून परत यावा लागतो किंवा दुसऱ्या कुशनला जावा लागतो. पण हे लागू होतं, तो टेकलाय असं फटक्याआधी पुकारलेलं असेल तरच. सेफ्टीच्या खेळात हीच जागा निर्णायक ठरते, म्हणून पंचाने न विचारता जवळ जाऊन बघावं आणि मोठ्याने सांगावं.

तसंच दोन फाउलचं. ज्याचे सलग दोन झालेत त्याला पंचाने सांगितलंच नाही, तर तिसरा फाउल दुसरा म्हणूनच मोजतात. म्हणजे पंचाच्या एका न उच्चारलेल्या वाक्याने समोरच्याचा हक्काचा रॅक जाऊ शकतो.

पूलमधून घडलेल्या पंचांमध्ये मिकेला टॅब यांचं नाव आवर्जून घ्यावंसं वाटतं. स्कॉटलंडकडून पूल खेळलेल्या टॅब पुढे पंच झाल्या, आणि २००९ मध्ये जागतिक स्नूकर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पंचगिरी करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. आपल्या क्लबात खेळणाऱ्या मुली आहेत. त्यांना पंचाचं प्रशिक्षण द्या, हा माझा आग्रह आहे.

टेबलाशी पंच नसेल तेव्हा

खरं सांगायचं तर आपल्या बहुतेक स्पर्धांत प्रत्येक टेबलाशी पंच नसतो. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतही अनेक टेबलं मिळून एखादाच पंच असतो. अशा वेळी खुर्चीत बसलेला खेळाडू हाच पंच. त्यामुळे बसल्या बसल्या मोबाइल बघणं म्हणजे आपला हक्क सोडणं.

पंच नसताना 'फक्त पांढऱ्याचे फाउल' ही पद्धत लावता येते. चुकून दुसऱ्या बॉलला हात लागला तर तो फाउल नाही, पण हललेल्या बॉलमुळे फटक्याचा निकाल बदलला तर फाउल. नाहीतर समोरचा ठरवतो: बॉल आहे तिथेच राहू द्यायचा, की दोघांच्या संमतीने मूळ जागी ठेवायचा. खेळणाऱ्याने स्वतः उचलून ठेवला की कटकट सुरू होते.

शंकेचा फटका येतोय असं दिसलं की बसलेल्याने उठावं आणि शांतपणे म्हणावं, "थांब, कोणाला तरी बघायला बोलावू." यात अविश्वास नाही. खेळणाऱ्यानेही राग मानू नये, स्वतःहून बोलवावं. त्या उपांत्य सामन्यात काकांनी किंवा मुलाने हे एक वाक्य उच्चारलं असतं तर पाऊण तास वाचला असता, आणि दोघांचं बोलणंही तुटलं नसतं.

संघ कसा निवडतात: मॉस्कोनी कपचा धडा

पूल मुळात एकट्याचा खेळ. संघ म्हणून तो कसा खेळतात हे बघायचं तर मॉस्कोनी कप बघावा. युरोप विरुद्ध अमेरिका, खेळ नाइन-बॉल. पहिली स्पर्धा १९९४ मध्ये इंग्लंडमधल्या रोमफर्डला झाली. नाव विली मॉस्कोनी या अमेरिकी खेळाडूचं, ज्याने १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला प्रदर्शनीय सामन्यात न चुकता सलग ५२६ बॉल पॉकेटमध्ये घातले होते. अलीकडच्या स्वरूपात दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू आणि एक कर्णधार असतो. एकेरी, दुहेरी आणि सांघिक सामने मिळून आधी अकरा गुण मिळवणारा संघ जिंकतो. एकेक सामना आधी पाच रॅक जिंकणाऱ्याचा. फटक्याला तीस सेकंद, आणि दर रॅकला एकदाच वाढीव वेळ.

या चौकटीतच निवडीचे निकष दडलेत. इतक्या छोट्या सामन्यात चूक भरून काढायला सवड नसते. मोठ्या सामन्यांत हळूहळू रंगात येणारा उत्तम खेळाडू इथे रंगात येण्याआधीच हरलेला असतो. तीस सेकंदांमुळे विचारी पण संथ खेळाडूचा दम कोंडतो. आणि दुहेरीत केवळ आपला फटका साधून भागत नाही.

अलीकडे संघातल्या काही जागा क्रमवारीवरून आपोआप भरतात आणि उरलेल्या जागांवर कर्णधार आपल्या पसंतीचे खेळाडू घेतो. या मिश्रणामागे शहाणपण आहे. नुसती क्रमवारी ठेवली तर निवड निर्मळ होते, पण संघाची गरज बघितली जात नाही. सगळं कर्णधारावर सोडलं तर गरज बघितली जाते, पण वर्षभर राबलेल्या खेळाडूला कशाचीच शाश्वती राहत नाही. म्हणून हक्काच्या जागा किती आणि पसंतीच्या किती, हे हंगामाच्या आधीच जाहीर व्हायला हवं.

योहान राउसिंक या डच प्रशिक्षकाची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्या कर्णधारपदाखाली युरोपने हा कप अनेकदा जिंकला. २०१० ते २०१७ असा सलग आठ वेळा युरोपच जिंकत राहिला. याच काळात, २०१७ साठी, अमेरिकेने याच राउसिंक यांना आपल्या संघाचं कर्णधारपद दिलं. पहिल्या वर्षी अमेरिका ११-४ अशी सपाटून हरली. तरी त्यांना काढलं नाही. २०१८ मध्ये अमेरिका ११-९ आणि २०१९ मध्ये ११-८ अशी जिंकली. एका पराभवाने निवडीचं धोरण मोडीत काढायचं नसतं, हे मी यातून घेतलं. आपल्याकडे एक स्पर्धा हरली की निवड समिती, कर्णधार आणि निम्मा संघ एकदमच बदलतो, आणि चुकलं नेमकं काय होतं ते कोणालाच कळत नाही.

आपला पाच जणांचा संघ

आंतरक्लब किंवा जिल्हा पातळीच्या संघासाठी मी अशी पद्धत सुचवतो. पाच जागांपैकी तीन गुणांवर, दोन समितीच्या पसंतीवर. गुण कोणत्या स्पर्धांचे, किती महिन्यांचे, आणि बरोबरी झाली तर काय, हे निदान महिनाभर आधी सूचना फलकावर लावा. कोणाला एखादी स्पर्धा चुकवावी लागते, म्हणून सगळ्या निकालांऐवजी प्रत्येकाचे सर्वोत्तम काही निकाल मोजावेत. नोकरदार आणि परीक्षेला बसलेली मुलं यांच्यावर तेव्हाच अन्याय होत नाही.

निवड चाचणी घेणार असाल तर सगळे सगळ्यांशी खेळू द्या. बाद फेरीची चाचणी नको, कारण नाइन-बॉलमध्ये एखादा नऊ नंबर नशिबानेही पॉकेटमध्ये जातो आणि चांगला खेळाडू सकाळीच घरी जातो. ब्रेक आळीपाळीने ठेवा. जिंकणाऱ्याचा ब्रेक ठेवलात तर एखादा खेळाडू खुर्चीतच बसून राहतो आणि तुम्हाला त्याचा खेळ बघायलाच मिळत नाही. सामन्यात वेळेचं बंधन असणार असेल तर चाचणीतही ठेवा. आणि चाचणीत निवड समितीचा माणूस पंच नको. ज्याच्या हातात निवड आहे त्याच्याच तोंडून 'फाउल' आला, तर खेळाडूला दोन्हींवर शंका येते.

दुहेरीच्या जोड्या वेगळ्या बघा. वर्ल्ड कप ऑफ पूल ही देशोदेशीच्या जोड्यांची स्पर्धा २००६ मध्ये वेल्समधल्या न्यूपोर्टला सुरू झाली. तिथे जोडीदार आळीपाळीने एकेक फटका मारतात. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस आणि फ्रान्सिस्को बुस्तामांते या जोडीने ती २००६ आणि २००९ अशी दोनदा जिंकली. आळीपाळीच्या खेळात आपण पांढरा जिथे सोडतो तिथून पुढचा फटका दुसऱ्याने मारायचा असतो. त्यामुळे जोडीदाराला कोणता कोन आवडतो, त्याचा हात कुठवर पोचतो, तो डावखुरा आहे का, हे माहीत असावं लागतं. चाचणीत प्रत्येक जोडीला दहा रॅक खेळू द्या आणि एकच गोष्ट मोजा: जोडीदाराला किती वेळा अवघड जागेवरून खेळावं लागलं. एकेरीतले पहिले दोन खेळाडू म्हणजे पहिली जोडी, हा समज त्या दहा रॅकमध्येच गळून पडतो.

पसंतीच्या दोन जागांसाठी समितीने दोन ओळींत कारण लिहून ठेवावं आणि संघासोबतच ते जाहीर करावं. 'ब्रेक सातत्याने चांगला', 'सेफ्टीत भक्कम, वेळेच्या बंधनात डगमगत नाही', अशी ठोस कारणं. दोन ओळी लिहिताना पेन अडलं, तर ती निवड पुन्हा तपासा. समितीतल्या कोणाचा मुलगा, भाचा किंवा शिष्य चर्चेत असेल, तर त्या नावापुरतं त्याने खोलीबाहेर जावं, आणि तसं इतिवृत्तात नोंदवावं.

राखीव खेळाडूचं नावही तेव्हाच सांगा. त्याने सरावाला यायचंय का, प्रवास करायचाय का, खर्च कोणाचा, हे मोघम ठेवू नका. राखीव मुलाला शेवटच्या क्षणी 'तू पण ये' म्हणणं म्हणजे त्याचा मान न राखणं.

न निवडलेल्याशी बोलणं

व्हॉट्सॲपच्या गटावर यादी टाकण्याआधी, जे थोडक्यात राहिले त्यांना स्वतः फोन करा. एवढं केलं नाही म्हणून किती चांगले खेळाडू क्लब सोडून गेले, ते मी बघितलंय.

आम्ही निकष महिनाभर आधी फलकावर लावायला लागलो, त्या पहिल्याच वर्षी मी असाच एक फोन केला. मुलगा हुशार होता, त्याला आशाही होती. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "काका, माहितीये मला. गुणांत मी चौथा आलो. दोन गुणांनी राहिलो." मग विचारलं, "पसंतीच्या जागेसाठी काय कमी पडलं, ते सांगाल?" मी लिहिलेल्या त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. तो 'बरं' म्हणाला आणि दुसऱ्या दिवशीपासून संध्याकाळी ब्रेकचा सराव करायला लागला.

त्याच वर्षीच्या स्पर्धेत पांढरा आणि पाच नंबर पुन्हा तसेच लगटून उभे राहिले. टेबलाशी तोच मार्कर होता, आता पंच म्हणून. खेळाडू फटक्याला वाकणार तोच त्याने हात दाखवला, कडेला गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून बघितलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "चिकटलेले नाहीत." खेळाडूने मान हलवली, सरळ मारण्याचा बेत सोडला आणि पाच नंबरला बाजूने हलका स्पर्श करून सेफ्टी खेळला. सामना पुढे चालू राहिला. बघणाऱ्यांपैकी फारशा कोणाला कळलंही नाही की तिथे काही ठरलं होतं.